झऱ्याचं, विहिरीचं पाणी पिताय? मग त्यावर लक्ष कसं ठेवायचं ते बघा

झऱ्याचं पाणी म्हणजे एकदम शुद्ध, असं ठाण्या-नवी मुंबईत बहुतेक सगळ्यांना वाटतं. येऊरला किंवा खारघरच्या डोंगरावर फिरायला जातात, ओंजळीने पितात, घरी येतात, विषय संपला. पण त्याच डोंगरातल्या पाड्यांवर आणि पुढे शहापूर-मुरबाडच्या वाड्यांवर हे पाणी हंड्याने रोज घरात येतं, लहान पोरं तेच पितात. तानसा, भातसा, मोडकसागर सगळं शहापूर तालुक्यात, पाणी जातं मुंबईला, आणि आजूबाजूचे पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात किंवा ओढ्यात डवरा खणून पाणी भरतात. त्यामुळे ज्यांना खरंच काही करायचंय, कॉलेजचा ग्रुप असो, सोसायटीवाले असोत की पाड्यातलीच पोरं, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी एक सांगतो, टीडीएस मीटर घेऊन जाऊ नका, म्हणजे न्या पण त्यावर विसंबू नका. ऑनलाइन मिळतो, पाण्यात बुडवला की आकडा येतो, लोकांना लय भारी वाटतं. तो फक्त विरघळलेले क्षार सांगतो. आपल्याकडे डोंगर काळ्या दगडाचे, पाऊस भरपूर, त्यामुळे झऱ्याचा टीडीएस बहुतेक कमीच येणार, भारतीय मानकातल्या लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या खूप खाली. आणि त्याच पाण्यात जुलाब, कावीळ, टायफॉइड सगळं असू शकतं, जंतू मीटरला दिसतच नाहीत. खाडीलगतच्या गावात बोअर खारट झालीय का बघायला मीटर कामाचा, डोंगरात खरा प्रश्न मैल्याचा आहे.

म्हणून पहिलं काम डोळ्यांचं. झऱ्यापाशी उभं राहा आणि वर बघा, उताराच्या वरच्या बाजूला काय आहे? संडासाचा शोषखड्डा, गोठा, उघड्यावर बसायची जागा, रविवारी पार्टी करून जाणाऱ्यांचा कचरा? जागतिक आरोग्य संघटनेच्या विहिरीसाठीच्या जुन्या पाहणी फॉर्ममध्ये १० मीटरच्या आत संडास आहे का असा प्रश्न असायचा, पण आपल्या खडकाला भेगा असतात, भेगेतून घाण लांबूनही पोचते, तेव्हा १० मीटर म्हणजे सेफ असं धरू नका. मग खाली बघा. पाणी कुठे साचतं, लोक भांडी कुठे घासतात, गुरं कुठून येतात, दोरी-बादली जमिनीवर ठेवतात का. विहीर असेल तर कठडा आहे का, ओट्याला तडा गेलाय का, सांडलेलं पाणी परत आत झिरपतंय का. हे सगळं वहीत लिहा, मोबाईलवर फोटो काढा, तारीख टाका.

आणि पाणी भरणाऱ्या बायकांना विचारा. खाली बसा आणि नीट विचारा, मावशी, पहिल्या पावसात पाणी लाल येतं का, किती दिवस येतं, आटतं कधी, वास कधी येतो. त्यांना जे माहीत असतं ते कुठल्याच किटमध्ये नाही. पाऊस पडल्यावर काही तासातच झरा गढूळ होत असेल आणि धार एकदम वाढत असेल तर समजायचं की वरचं पाणी मातीतून न गाळता थेट आत येतंय, हा झरा धोक्याचा. धार मोजणं सोपं आहे, १० लिटरची बादली किती सेकंदात भरते ते मोबाईलवर लावायचं, दर महिन्याला, त्याच जागी.

आता जंतूंची टेस्ट. भारतीय मानक आयएस १०५०० सांगतं की पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय, म्हणजे मैल्यातून येणारा जंतू, अजिबात सापडता कामा नये. नक्की आकडा लॅबमध्येच मिळतो, पण पाड्यावर एच-टू-एसची बाटली चालते, मैल्यातल्या जंतूंनी सोडलेल्या हायड्रोजन सल्फाइड वायूने पाणी काळं होतं ती. ही पद्धत आपल्याच देशात निघाली, १९८२ साली प्रसिद्ध झाली. बाटलीच्या आत औषध लावलेला कागद असतो. हात साबणाने धुवा, झाकण काढलं की ते खाली ठेवू नका, आतल्या बाजूला बोट लावू नका, धारेतून थेट खुणेपर्यंत पाणी भरा आणि बंद करा. घरात सावलीत, उबदार जागी ठेवा. आपल्या हवेत बहुतेक २४ ते ४८ तासात कळतं, पाणी काळं पडलं म्हणजे मैल्याची शक्यता जास्त. थंडीत जरा उशीर लागतो. बोअरच्या पाण्याला मुळातच सडक्या अंड्याचा वास असेल तर ही टेस्ट फसवू शकते, तिथे लॅबच करा. काळी झालेली बाटली कचऱ्यात फेकायची नाही, त्यात ब्लिचिंग पावडर टाकून तासभर ठेवा, मग पाण्यापासून लांब खड्ड्यात ओता, पोरांच्या हाती लागता कामा नये.

लॅबला नमुना द्यायचा असेल तर बाटली लॅबकडूनच घ्या, निर्जंतुक केलेली. ती विसळायची नाही, वर थोडी जागा सोडायची, बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो ६ तासात पोचवायची, २४ च्या पुढे तर नकोच. क्षार, नायट्रेट, फ्लोराइडच्या टेस्टसाठी उलटं, साधा स्वच्छ कॅन त्याच पाण्याने ३ वेळा विसळून भरायचा. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर गेलं तर पाणी उकळून उपयोग नाही, उकळून ते जात नाही, तान्ह्या बाळासाठी दुसरं पाणी बघावं लागतं.

टेस्ट कधी करायची यावर माझं ठाम मत आहे. पाण्याच्या जागांचं सरकारी स्वच्छता सर्वेक्षण वर्षातून दोनदा होतं, पावसाळ्याआधी आणि नंतर, त्यावरून ग्रामपंचायतीला धोक्याप्रमाणे लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं. चांगली पद्धत आहे, पण सगळ्यात वाईट पाणी येतं ते जूनच्या पहिल्या जोरदार पावसात, तेव्हा वर्षभर साचलेली घाण एकदम खाली उतरते. तेव्हा एक टेस्ट करा म्हणजे कराच. एप्रिलमध्ये चांगलं आलेलं पाणी जूनमध्ये चांगलंच असेल असं काही नसतं.

टेस्ट खराब आली तर लोकांना घाबरवू नका, हे पाणी बंद करा असं तर सांगूच नका, त्यांच्याकडे दुसरं पाणीच नसतं. विहीर असेल तर टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर, टाका. व्यास आणि पाण्याची खोली मीटरमध्ये मोजा, व्यास गुणिले व्यास गुणिले खोली गुणिले ७८५, एवढे लिटर पाणी. ३ मीटर व्यास, २ मीटर पाणी म्हणजे साधारण १४ हजार लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅम टीसीएल, म्हणजे ७० ग्रॅम. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळीच विहिरीत सोडून ढवळा, तासभर कोणी पाणी भरायचं नाही. मग ओटी टेस्ट करा, म्हणजे थोड्या पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाका, पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन आहे, आणि ते टेस्टचं पाणी फेकून द्या, प्यायचं नाही. पिशवी ओलसर जागी उघडी पडली असेल तर पावडरीतला जोर गेलेला असतो, मग कितीही टाका.

झऱ्याला मात्र टीसीएल टाकून काही होत नाही, पाणी वाहून जातं. तिथे घरच्या हंड्यातच मेडिक्लोर, म्हणजे बाटलीतलं क्लोरीनचं औषध, टाका, बाटलीवर लिहिलंय तेवढंच, अर्धा तास थांबा. नाहीतर चांगली खळखळून उकळी येऊ द्या. कायमचा उपाय म्हणजे झऱ्याच्या तोंडाशी बंदिस्त टाकी, पाईपने धार बाहेर आणि वरच्या बाजूला पावसाचं पाणी वळवणारा चर. जागा जंगलात असेल तर वनखात्याची परवानगी आधी घ्या, नाहीतर केलेलं काम तोडावं लागतं.

वही पाड्यातल्याच कोणाकडे तरी द्या, तुम्ही शहरातून महिन्यातून एकदा येणार, ते रोज तिथेच असतात. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या ५ बायकांना फील्ड टेस्ट किट शिकवायचं ठरलेलं आहे, त्या कोण आहेत ते शोधा, किट बंद पेटीत पडलं असेल तर बाहेर काढायला लावा, आतल्या रसायनांची मुदत बघा. गावात असाल तर रिझल्टची एक कॉपी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला, म्हणजे पाण्याचं काम बघणाऱ्या माणसाला, आणि एक आशाताईंना द्या, येऊरसारखा महापालिकेतला पाडा असेल तर पालिकेच्या आरोग्य विभागाला. लेखी द्या, पोच घ्या, आणि पंधरा दिवसांनी तीच पोच घेऊन परत जा.