बाजीप्रभूंचा चेहरा चिकटच राहिला: मुखवटा करताना या चुका टाळा

शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीला पाच दिवस होते. जखमी बाजीप्रभूंचा सिलिकॉनचा मुखवटा आदल्या रात्री ओतलेला. सकाळी साचा उघडला, तर चेहऱ्याचा वरचा थर गुळाच्या पाकासारखा. मदतीला आलेला पोरगा बोट लावून म्हणाला, "काका, हे सेटच झालं नाही ओ." दुपारपर्यंत वाट बघितली, उन्हात ठेवलं, पण काही उपयोग झाला नाही.

दोष मुखवट्याचा चेहरा आधी ज्यात घडवला त्या मातीत होता. मूर्तीकामाच्या प्लास्टिसिनमध्ये, म्हणजे तेलकट मातीत, बऱ्याचदा गंधक असतं, आणि चेहऱ्यासाठी वापरतात ते प्लॅटिनम सिलिकॉन (प्लॅटिनमच्या मदतीने सेट होणारं) गंधकाला लागलं की सेट होत नाही. लेटेक्सच्या, म्हणजे रबराच्या चिकाच्या, हातमोज्यांनी तेच होतं, म्हणून व्हायनिलचे घाला. तिसरा शत्रू मूर्तीच्या साच्यांचं आरटीव्ही, म्हणजे न तापवता सेट होणारं सिलिकॉन. ते बहुतेक वेळा टिनवर सेट होणारं असतं. त्याच्या साच्यात प्लॅटिनम ओतलं तर चिकट राहणार, आणि ते स्वतः चेहऱ्यावर लावायचं नाही. 'सिलिकॉन ते सिलिकॉन' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. गंधक नसलेली माती मागा, आणि आधी चमचाभर सिलिकॉन साच्याच्या कोपऱ्यावर ओतून बघा. तेवढा भाग सेट झाला तरच पुढे जा. मी ही चाचणी केली नव्हती. घाई होती.

त्याआधीची चूक चेहऱ्याचा ठसा घेताना होते. प्लास्टर थेट कातडीवर कधीच लावू नका. सेट होताना ते तापतं आणि भाजतं. आधी अल्जिनेट (पाण्यात कालवून ठसा घ्यायची पावडर), त्यावर प्लास्टर बँडेज. भुवया, पापण्या, मिशीला व्हॅसलिन, आणि नाकपुड्या सतत मोकळ्या. माणसाला झोपवू नका, बसवा. आडवं केलं की गाल कानाकडे ओघळतात, आणि उभं राहिल्यावर तो चेहरा त्याचा वाटत नाही. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी घेतलंत, तर अल्जिनेट ढवळतानाच घट्ट होईल. माठातलं पाणी घ्या. ठसा निघाला की लगेच त्यात प्लास्टर ओता, त्या प्लास्टरच्या डोक्यावरच मग मातीचा चेहरा घडवायचा. अल्जिनेट वाळत जाईल तसं आखडतं.

ठसा ज्याचा, मुखवटाही त्याचाच. आमच्याकडे एकदा ऐनवेळी पात्र बदललं. मूळ मुलगा मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या भरतीला गेला. दुसऱ्याचं कपाळ रुंद, डोळे जवळजवळ. मुखवट्याच्या डोळ्यांतून त्याला अर्धंच जग दिसत होतं, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रात्रभर उभं राहायचं होतं!

उन्हाळ्यात वेळेचंही भान ठेवा. सिलिकॉनच्या डब्यावरची सेट होण्याची वेळ साधारण २३ अंशांची असते. पत्र्याच्या शेडमध्ये वैशाखात ती बरीच कमी होते. त्यामुळे पहाटे ओता आणि एकदम सगळं मिसळू नका. दोन भाग डब्यावर सांगितलेल्या प्रमाणातच, डिजिटल काट्यावर मोजून. भांड्याचे कडेकोपरे खरवडून ढवळा, नाहीतर मध्येच मऊ डाग राहतात. लेटेक्सचं उलट. गणपतीच्या देखाव्यांसाठी पावसाळ्यात केलंत तर तो सुकतच नाही, खानापुरात तर विचारूच नका. प्लास्टरच्या साच्यात पातळ थर द्या, दुधाळ रंग जाईपर्यंत थांबा, आणि काढताना पावडर टाका, नाहीतर स्वतःलाच चिकटतो. घाईने काढलेला लेटेक्स आखडतो आणि वाकडा होतो.

रंग हा नवशिक्यांचा हमखास फसणारा भाग. सिलिकॉनवर सिलिकॉनशिवाय काही टिकत नाही. साधा ऑइलपेंट सालीसारखा निघतो. मूळ सिलिकॉनमध्येच कातडीचा फिकट रंग टाका, वर सिलिकॉनमध्ये मिसळलेल्या रंगाचे पातळ थर, ठिपके, लालसर छटा. एकसारखा गुळगुळीत रंग दिला की माणूस मेणाचा दिसतो. ट्यूबलाइटमध्ये ठरवू नका. मिरवणुकीच्या दिव्यात एकदा बघाच.

आणि जाडी. आवेशाने सगळा चेहरा एकाच तुकड्यात जाड ओतला, तर खाली माणूस ओरडतोय आणि वर बाजीप्रभू निर्विकार. १९७० च्या सुमारास डिक स्मिथ या हॉलिवूडच्या रंगभूषाकाराने वृद्धाचा चेहरा एकमेकांवर येणाऱ्या वेगवेगळ्या तुकड्यांत केला, तो यासाठीच. तोंडाचे कोपरे, डोळ्यांच्या कडा पातळ ठेवा. कड कागदाइतकी बारीक असेल तरच कातडीत मिसळते. जाड कड गोंदाने लपत नाही, कितीही थापा.

घामाबद्दल मंडळाचे कार्यकर्ते विचारतच नाहीत. सिलिकॉन श्वास घेत नाही. घाम कपाळावर साचतो आणि कड सुटते. आत सुती टोपी घाला, मागे घामाला वाट ठेवा, नाकाची भोकं वाटतात त्यापेक्षा मोठी करा. त्वचेचा गोंद आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा, पुरळ उठली तर तो नको. लेटेक्सची अॅलर्जीही काहींना असते, आधी विचारा. फेव्हिक्विक लावायला सांगणारा एक कार्यकर्ता दरवर्षी भेटतो, त्याला चहा आणायला पाठवा.

उतरवताना ओढू नका. कडेला रिमूव्हर लावून सावकाश सोडवा, मग धुऊन, पावडर मारून ठशातून काढलेल्या प्लास्टरच्या डोक्यावरच ठेवा. आमचा मागच्या वर्षीचा मुखवटा कुणीतरी खिळ्याला नाकाने अडकवला होता, आता बाजीप्रभूंचं नाक थोडं वर आहे.