बारा जणांची झोपायची खोली: लडाखमध्ये पहिलं काम घेणाऱ्या वास्तुविशारदांसाठी

लडाखमध्ये ट्रेकर्ससाठी सामायिक मुक्कामाची जागा बांधायचं काम मिळालं तर नक्की घ्या. दक्षिणेला काच, उत्तरेला बंद भिंत, मातीच्या विटा, छताला सफेद्याचे (पॉप्लरचे) वासे आणि त्यावर विलोच्या काड्या, हे तुम्हाला माहीत असणारच. लेहला डिसेंबरअखेर भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 32 अंश वर असतो, त्यामुळे ऊन खोलीत खोलवर शिरतं. ऊब मिळते. मी फसले ती पाण्यामुळे.

नळाच्या नव्हे, माणसांच्या पाण्यामुळे. झोपलेला माणूस श्वासातून आणि घामातून रात्रभरात पाव लिटर तरी वाफ सोडतो. बारा खाटा म्हणजे तीन लिटर, शिवाय दोरीवरचे ओले मोजे वेगळेच. थंडी आत येऊ नये म्हणून मी सगळ्या फटी बुजवल्या होत्या. दोन भिंतींच्या मधे लाकडाचा भुसा भरला आणि बर्फ आत झिरपू नये म्हणून बाहेरच्या भिंतीलगत प्लास्टिक लावलं. खोलीतली वाफ मातीतून भुशात गेली, प्लास्टिकला अडली आणि तिथेच गोठली. हिवाळाभर काही कळलं नाही. मार्चअखेर बर्फ वितळला आणि उत्तरेच्या खाटांमागचा गिलावा बोट रुतेल इतका मऊ झाला. वाफेला अडसर घालायचाच तर तो उबेच्या बाजूला, म्हणजे आतून. बाहेरून कधीच नाही. हे वाक्य नकाशावर लिहून ठेवा.

आमच्या मिस्त्रींनी, आचो-लेंनी (लडाखीत थोरल्या भावाला आदराने असं म्हणतात), प्लास्टिक पाहून आधीच विचारलं होतं, "ये दीवार साँस कहाँ से लेगी?" मी मात्र पुण्याला फोन करून ज्येष्ठांचा होकार मिळवला होता. त्या उंचीवर एकही हिवाळा न काढलेल्या माणसाच्या होकारावर भिंत उभी करू नका, तो कितीही मोठा असो. त्यापेक्षा जानेवारीत आठवडाभर गावात राहा. लेहजवळच्या फे गावातली सेक्मॉल या शिक्षणसंस्थेची मातीची इमारत बघायचीच असेल तर तीही थंडीत बघा. 2016 साली तिला मातीच्या बांधकामासाठीचा आंतरराष्ट्रीय टेरा पुरस्कार मिळाला, पण ती समजते पहाटे.

धुराडं नसलेला गॅस हीटर झोपायच्या खोलीत ठेवूच देऊ नका. किलोभर गॅस जळला की दीड किलोच्या आसपास पाणी हवेत येतं. कार्बन मोनॉक्साइडने तर माणसं झोपेतच दगावतात. संडास लडाखी पद्धतीचा, कोरडाच ठेवा. फ्लशचे पाइप गोठतात. पाहुणे दोन दिवसांत रुळतात.

घाबरू नका, चूक दुरुस्त होते. आम्ही प्लास्टिक आणि भिजलेला भुसा काढला, खाटा भिंतीपासून वीतभर पुढे घेतल्या, खाली आणि वर एकेक झरोका ठेवला आणि ओले कपडे स्वयंपाकघराच्या धुराड्याजवळच्या खोलीत हलवले. झरोक्यांमुळे खोली थोडी गार झाली, तेव्हा प्रत्येक खाटेला एक रजई वाढवली. पुढच्या जानेवारीत पहाटे काचेच्या खालच्या कोपऱ्यात बोटभर बर्फ होता. खाटांमागची भिंत मी तळहाताने चाचपली. कोरडी होती.