सलग दिवसांच्या सायकल शर्यतीत पाय कसे टिकवावेत

२००८ साली सुरू झालेल्या टूर ऑफ नीलगिरीजमध्ये हौशी सायकलपटू अनेक दिवस सलग सायकल चालवतात आणि वाटेतील ठरावीक टप्प्यांवर वेळ मोजून स्पर्धा होते. अशा शर्यतीसाठी एका दिवसाचा वेग वाढवण्यापेक्षा थकलेल्या पायांनी पुन्हा खोगिरावर बसण्याची सवय लावणे अधिक महत्त्वाचे असते, म्हणून सरावात शनिवार-रविवारला सोमवारची पहाटही जोडावी.

मसिनागुडीहून उटीकडे चढणारा कल्हट्टी घाट ३६ वळणांचा आणि अतिशय उभा आहे. तेथे पुढे पेडलपाशी ३४ दातांचे चक्र आणि मागच्या चाकावर निदान ३२ दातांचा गिअर असावा. हलका गिअर लावण्यात कोणताही कमीपणा नाही. सुरुवातीच्या वळणांवर पुढच्या गटाला गाठण्याचा मोह मला आवरला नाही आणि त्याचा ताण पुढचे दोन दिवस मांड्यांत राहिला. तेव्हापासून मी चढाच्या पहिल्या निम्म्या भागात तुटक का होईना, बोलता येईल इतकाच जोर लावतो.

भूक लागण्याची वाट पाहू नये. पहिल्या अर्ध्या तासापासूनच केळी, खजूर, चिक्की थोडी थोडी खात तासाला साधारण ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जातील असे पाहावे, मात्र शर्यतीच्या दिवशी नवा पदार्थ कधीही आजमावू नये. मुक्कामी पोहोचताच भात, वरण, अंडी असे जेवण घ्यावे आणि घामाने भिजलेली शॉर्ट्स तत्काळ बदलून धुवावी, कारण घर्षणाने झालेली जखम तिसऱ्या दिवशी बसणेच अशक्य करते.