जुनी मोटारसायकल बॅटरी चार्ज करत नसेल तर

चार्जिंग होत नाही म्हटलं की बरेच जण थेट नवा रेग्युलेटर (बॅटरीकडे जाणारं व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा भाग) आणतात. तसं करू नका. आधी बॅटरी पूर्ण चार्ज करून काही तास तशीच ठेवा. १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी साधारण १२.६ दाखवायला हवी. ती ढासळलेली असेल तर पुढच्या कुठल्याच आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही.

मग गाडी चालू करा, रेस थोडी वाढवा आणि बॅटरीच्या टोकांवरच मीटर लावा. १३.५ ते १४.५ मिळालं तर चार्जिंग ठीक आहे. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर बिघडलाय. आकडा हललाच नाही, तर आधी वायरिंग बघा.

माझ्या अनुभवात दोष बहुतेक वेळा कनेक्टरमध्येच सापडतो. स्टेटरकडून (इंजिनमधल्या वीज बनवणाऱ्या कॉइलकडून) येणाऱ्या वायरींचा सॉकेट उघडा. प्लास्टिक तपकिरी पडलंय का, पिन काळी किंवा हिरवट झालीय का, नीट पाहा. नंतर हेडलाइट लावून, इंजिन चालू असतानाच, बॅटरीचं अर्थिंगचं (गाडीच्या सांगाड्याला जोडलेलं) टोक आणि इंजिनची केसिंग यांच्यामध्ये व्होल्टेज मोजा. ०.२ पेक्षा जास्त आलं तर अर्थिंग खराब आहे. गंज आणि रंग खरवडून वायर पुन्हा घट्ट करा. बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्यांचं अर्थिंग पॉझिटिव्ह असतं, म्हणजे सांगाड्याला बॅटरीचं प्लस टोक जोडलेलं असतं, तेव्हा बॅटरी जोडताना घाई नको.

आणि इंजिन चालू असताना बॅटरी कधीही काढू नका, चांगला रेग्युलेटरही जळू शकतो.