चाळिशीच्या उंबरठ्यावर विज्ञानशिक्षक होताना

नोकरी सोडून विज्ञान शिकवायला येणाऱ्यांनी पैशांच्या आधी वयाचा हिशोब करावा. बी.एड.च्या प्रवेशाला वयाची अट नाही. जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांच्या भरतीत मात्र कमाल वय खुल्या प्रवर्गासाठी 38 आणि मागास प्रवर्गासाठी 43 आहे. सदतिसाव्या वर्षी प्रवेश घेतला, तर पदवी हातात पडेपर्यंत खुल्या प्रवर्गाचं हे दार बंद झालेलं असतं. मग विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळा उरतात. तिथे पगार संस्थेच्या हातात असतो, म्हणून नेमणुकीचं पत्र नीट वाचूनच सही करा.

नववी-दहावीला बी.एस्सी. बी.एड. चालतं, अकरावी-बारावीला त्या विषयात एम.एस्सी. लागतं. बी.एड.साठी पदवीला खुल्या प्रवर्गात 50 टक्के हवेत, अभियंत्यांना 55. पण अभियंत्याला बी.एड.ला प्रवेश मिळाला म्हणजे पुढे विज्ञानाच्या पदावर मान्यता मिळेलच, असं गृहीत धरू नका. शिक्षणाधिकारी कार्यालयात आधी विचारून घ्या, जमलं तर लेखी.

बी.एड.च्या प्रवेशपरीक्षेत, म्हणजे सीईटीत, दीड तासात 100 प्रश्न असतात: बौद्धिक क्षमता 40, सामान्य ज्ञान 30 आणि शिक्षक अभियोग्यता 30. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. विज्ञानावर मात्र वेगळा विभाग नाही, त्यामुळे विषय पक्का असलेली माणसंही बौद्धिक क्षमतेत अडतात. रोज घड्याळ लावून 40 प्रश्न सोडवण्याला पर्याय नाही.

बी.एड. दोन वर्षांचं आणि पूर्णवेळ आहे. हजेरी 80 टक्के, शाळेतल्या आंतरवासितेत (प्रत्यक्ष वर्गावरच्या सरावात) 90 टक्के लागते, आणि ही आंतरवासिता 16 आठवड्यांची असते. नोकरी सांभाळून हे होत नाही. ‘फक्त परीक्षेला या’ म्हणणाऱ्या महाविद्यालयाच्या वाटेला जाऊ नका. पुढे चौकशी झाली तर अडकतो तो उमेदवार. मुक्त विद्यापीठाचं बी.एड. सेवेतल्या शिक्षकांसाठी आहे, नवख्यांसाठी नाही.

सहावी ते आठवीसाठी टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) पेपर दोन द्यावा लागतो. 150 गुणांपैकी 60 गणित-विज्ञानाचे, बाकीचे 90 मानसशास्त्र आणि दोन भाषांचे. उत्तीर्ण व्हायला खुल्या प्रवर्गात 90 गुण लागतात. म्हणजे गणित-विज्ञानात पैकीच्या पैकी मिळाले तरी मानसशास्त्र आणि भाषांच्या गुणांशिवाय गाडी पुढे सरकत नाही. सरकारी शिक्षक भरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलवरची निवड मात्र टेट या वेगळ्या परीक्षेच्या (शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी) गुणांवर होते: 200 प्रश्न, दोन तास. निवड झाल्यावर पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढायची असतात. प्राथमिकला 16,000, माध्यमिकला 18,000 आणि कनिष्ठ महाविद्यालयात 20,000 रुपये. घरखर्च, कर्जाचे हप्ते आणि बी.एड.ची दोन वर्षं धरून हा आकडा घरात सगळ्यांसमोर मांडा.

आता वर्गाकडे वळू, कारण उशिरा येणारी माणसं खरी अडतात ती इथे. त्यांना विषय येतो, आणि तो सगळाच्या सगळा सांगायची घाई असते. तासिका असते 35 मिनिटांची. हजेरी, वह्या, गोंगाट जाऊन 25 हाती लागतात. पाठ टाचणात, म्हणजे तासाच्या लेखी आराखड्यात, त्या तासाचं एकच उद्दिष्ट लिहा. प्रश्न आधी विचारा, मुलाचं नाव नंतर घ्या. नाव आधी घेतलं की बाकीचा वर्ग सुटतो. मधल्या सुट्टीत शेवटच्या बाकावर बसून आपलाच फळा वाचून बघा. ज्यांचं शिक्षण इंग्रजीत झालं, त्यांनी बालभारतीची सहावी ते दहावीची पुस्तकं मराठीतून वाचावीत. त्वरण, संवेग, अपवर्तन हे शब्द तोंडात बसायला महिना लागतो. सेमी-इंग्रजीच्या वर्गात तर मराठी आणि इंग्रजी दोन्ही शब्द लागतात.

प्रयोग आदल्या दिवशी करून बघितल्याशिवाय वर्गात नेऊ नये. दहावीचा साधा विस्थापनाचा प्रयोग घ्या: मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) निळ्या द्रावणात लोखंडी खिळा. लोखंड द्रावणातलं तांबं बाहेर काढतं, ते खिळ्यावर चढतं आणि निळा रंग फिका होतो. 100 मिलिलिटर पाण्यात 2 ग्रॅम मोरचूद पुरे. द्रावण गडद केलं की निळा रंग तासाभरातही फिका पडत नाही, आणि मुलं म्हणतात, ‘सर, काहीच झालं नाही.’ खिळा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, नाहीतर तेलाच्या थरामुळे तांबं नीट चढत नाही. परिपाठाआधी एक परीक्षानळी लावून ठेवा, दुसरी वर्गात मुलांसमोर लावा, तिसरीत नुसतं द्रावण ठेवा. तिन्ही पांढऱ्या कागदासमोर धरल्या की फिकट झालेला रंग मागच्या बाकालाही कळतो.

भांडी घासायची तारेची घासणी वापरू नका. ती बहुधा स्टेनलेस स्टीलची असते आणि तिच्यावर तांबं चढत नाही. जस्त चढवलेला खिळा आला, तर तांबूस लेपाऐवजी काळपट थर दिसतो. जस्त लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील असल्यामुळे आधी तेच द्रावणात उतरतं, आणि बारीक कणांत साचलेलं तांबं काळं दिसतं. असं झालं तर खिळा लपवू नका. क्रियाशीलतेची श्रेणी फळ्यावर लिहा आणि थर काळा का आला, हे मुलांनाच शोधायला सांगा. मोरचूद विषारी आहे. तास संपताना सगळ्यांचे हात धुऊन घ्या आणि उरलेलं द्रावण बेसिनमध्ये न ओतता नाव लिहिलेल्या बाटलीत भरून कपाटात ठेवा.