आकडे झाकून वाचा: प्राथमिक वर्गातली शाब्दिक उदाहरणं आणि गणिताचं लेखन

राणीने 34 किलो कापूस वेचला. तो सुनीतापेक्षा 9 किलो जास्त भरला. सुनीताने किती कापूस वेचला?

हे उदाहरण चौथीच्या फळ्यावर लिहा आणि पाच मिनिटांनी वह्या पाहा. बऱ्याच वह्यांत 43 दिसेल. बेरीज अचूक, हातचाही नीट घेतलेला. 'जास्त' हा शब्द दिसला आणि पोरांनी मिळवून टाकलं. ही पोरं गणितात कच्ची नसतात. संध्याकाळी काट्यावर आईचा कापूस मोजला जातो, तेव्हा मावशीचा किती कमी भरला हे त्यांना बरोबर कळतं. आपण त्यांना उदाहरणातून आकडे वेचायला शिकवलं, वाक्य वाचायला शिकवलं नाही.

मी जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेर तालुक्यात एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. दुसरी आणि चौथी माझ्याकडे, एकाच खोलीत. घरी अहिराणी, पुस्तकात मराठी. वेगळी साधनं लागतील असं खाली काही नाही. फळा, खडू आणि पाठकोऱ्या कागदांची वही पुरते.

आधी तो तक्ता भिंतीवरून काढा

'एकूण म्हणजे बेरीज, उरले म्हणजे वजाबाकी, प्रत्येकी म्हणजे गुणाकार' असा तक्ता अनेक वर्गांत असतो, बाजारातल्या गाईडमध्येही असतो. पहिलीत तो चालल्यासारखा वाटतो आणि तिसरीत दगा देतो. हे पाहा: 'गणाजवळ काही बिबडे (ज्वारीचे पापड) होते. आजीने आणखी 8 दिले. आता त्याच्याजवळ 23 झाले. आधी किती होते?' यात 'आणखी' आहे, 'दिले' आहे, 'झाले' आहे. तक्त्याप्रमाणे तिन्ही बेरजेचे. पोरगं 31 लिहून मोकळं होतं. गणाकडे आता आहेत त्यापेक्षा आधी जास्त कसे, हा प्रश्न त्याला पडत नाही, कारण तो पडायला गणा डोळ्यांपुढे यावा लागतो.

हे आपल्याकडचंच दुखणं आहे असंही नाही. फ्रान्समध्ये ग्रेनोबल इथल्या गणित-शिक्षणाच्या संशोधकांनी 1979 च्या सुमारास प्राथमिकच्या मुलांना विचारलं होतं: जहाजावर 26 मेंढ्या आणि 10 शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? बहुतेकांनी 36 सांगितलं. तुमच्या वर्गात एकदा करून पाहा. जहाजाच्या जागी एसटी घ्या, कप्तानाच्या जागी कंडक्टर. मग हसून घ्या आणि पोरांनाच विचारा, 'अरे, शेळ्यांचा आणि त्याच्या वयाचा संबंध काय?' 'हे उदाहरण सुटतच नाही' असं म्हणायची परवानगी वर्गात आहे, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळतं. महिन्यातून एखादं असं खोटं उदाहरण मुद्दाम टाकत जा.

आकडे झाकून वाचन

माझ्या मते सगळ्यात जास्त फरक याने पडतो. उदाहरण फळ्यावर लिहायचं, पण आकड्यांच्या जागी रिकाम्या चौकटी काढायच्या आणि प्रश्नाचं वाक्य लिहायचंच नाही. 'राणीने ▢ किलो कापूस वेचला. तो सुनीतापेक्षा ▢ किलो जास्त भरला.' आता बेरीज करायला हाताशी काहीच नसतं, म्हणून पोरं नाइलाजाने वाचतात.

मग विचारा. गोष्ट कोणाकोणाची आहे? 'तो' म्हणजे कोण? (इथे हमखास कुणीतरी 'सुनीताचा भाऊ' म्हणतं. 'तो' म्हणजे राणीचा कापूस, हे उकलण्यात दोन मिनिटं गेली तरी जाऊ द्या.) कोणाचं गाठोडं जड? इथे कोणता प्रश्न विचारता येईल? आणि शेवटी: सुनीताचा आकडा राणीपेक्षा मोठा येईल की लहान? याचं उत्तर वर्गाने ठरवलं की मगच चौकटी भरा, आणि तेही आधी 5 आणि 2 असे लहान आकडे घेऊन. 5 आणि 2 ला सगळ्यांना 3 येतं. तीच रीत 34 आणि 9 ला लावायला सांगा.

ही सगळी बोलणी अहिराणीत होऊ द्या. 'राणीना कापूस जास्ती शे, सुनीताना कमी शे,' असं पोरगी म्हणाली की अर्धं काम झालं. तिला मध्येच थांबवून 'शुद्ध बोल' म्हटलं, तर ती गप्प बसेल आणि उदाहरणही तिथेच बसेल. 'मंग सुनीताना कितला?' असं आपणही विचारावं. रावेर-यावलकडे लेवा बोली असेल, सातपुड्याच्या पायथ्याला पावरी, नंदुरबारकडे भिली. आपल्याला ती बोली येत नसेल तर वर्गातल्या मोठ्या पोराला गोष्ट घरच्या भाषेत सांगायला लावायची आणि लहानांनी ती परत मराठीत सांगायची.

तुलनेच्या उदाहरणांसाठी एक तोंडी खेळ रोज दोन मिनिटं घ्या: वाक्य उलटवणे. मी म्हणते, 'राणीचा सुनीतापेक्षा 9 ने जास्त.' पोरं म्हणतात, 'सुनीताचा राणीपेक्षा 9 ने कमी.' मी म्हणते, 'धुळ्याची गाडी चोपड्याच्या गाडीच्या 20 मिनिटं आधी सुटते.' पोरं उलटवतात. 'पेक्षा' कोणाला चिकटलाय हे कानाला एकदा बसलं की वहीत फारसा गोंधळ होत नाही.

पट्टी काढा

दुसरीची पोरं गाठोडी काढतील, बिबडे गोल-गोल काढतील. काढू द्या. तिसरीपासून मात्र पट्ट्यांवर आणा, नाहीतर चौतीस गाठोडी काढण्यात तास संपतो. वर राणीची लांब पट्टी, खाली सुनीताची आखूड. दोन्हींची डावी कड एका रेषेत हवी, हे आग्रहाने शिकवा. उजवीकडे जी मोकळी जागा उरते तिच्यात 9. राणीच्या पट्टीवर 34, सुनीताच्या पट्टीवर प्रश्नचिन्ह. सिंगापूरच्या प्राथमिक शाळांत 1980 च्या दशकापासून अशा पट्ट्यांवर गणित शिकवतात. पट्टी मापात काढायची गरज नाही. लांब कोणती आणि आखूड कोणती एवढंच दिसलं पाहिजे.

मग लिहा

गणिताच्या वहीत फक्त आकडे असावेत असा आपल्याकडे जणू नियमच आहे. मी चौथीकडून प्रत्येक उदाहरणाला चार-पाच वाक्यं लिहून घेते: काय माहीत आहे, काय शोधायचं आहे, मी काय केलं आणि का, आणि ताळा. हंगेरीत जन्मलेले गणिती जॉर्ज पोल्या यांनी 1945 साली मांडलेल्या चार पायऱ्याही जवळपास याच आहेत: समजून घ्या, बेत करा, करा, मागे वळून पाहा. शेवटची पायरी आपल्या शाळांत सर्रास गाळली जाते.

चांगलं लेखन साधारण असं दिसतं: 'राणीचा कापूस 34 किलो आहे. सुनीताचा त्यापेक्षा 9 किलो कमी आहे. म्हणून मी 34 मधून 9 काढले. आधी 4 काढले, 30 राहिले, मग 5 काढले, 25 राहिले. सुनीताचा कापूस 25 किलो. ताळा: 25 मध्ये 9 मिळवले की 34 येतात.'

कच्चं लेखन असं: 'मी वजाबाकी केली कारण ते वजाबाकीचं उदाहरण आहे.' याला चूक म्हणू नका. फक्त 'तुला कशावरून कळलं?' एवढं शेजारी लिहा आणि वही परत द्या. दुसऱ्यांदा 'कारण सुनीताचा कमी आहे' असं आलं तर तेवढ्यावर समाधान माना. 'म्हणून', 'कारण', 'पेक्षा', 'प्रत्येकी', 'उरलेल्यांपैकी' हे शब्द भिंतीवर लावायला हरकत नाही, पण समोर बेरीज-वजाबाकीचं चिन्ह नको. त्या शब्दाचं एकेक वाक्य आणि छोटं चित्र हवं.

दुसरीतल्या पोरांचं लेखन आधी तोंडीच. ते सांगतात, मी फळ्यावर लिहिते, ते शेवटचं वाक्य उतरवून घेतात. दिवाळीनंतर दोन वाक्यं. इथे एक अडचण सांभाळायची असते: सत्तावीस ऐकून 72 लिहिणं. आपण बोलताना सात आधी म्हणतो आणि लिहिताना वीस आधी. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' असं वाचन आलं तेव्हा राज्यभर वाद झाला. मला विचाराल तर दोन्ही म्हणून घ्यावं. 'सत्तावीस, म्हणजे वीस आणि सात' असं महिनाभर म्हटलं की वाद मिटतो.

पोरांना लिहायचा कंटाळा येतो, कारण त्यांचं लेखन वाचणारं कुणी नसतं. बाई तर उत्तर आधीच जाणतात! म्हणून वाचणारा शोधा. कापसाच्या वेचणीत काही पोरं आईबापांबरोबर शेतात असतात. गैरहजर राहिलेल्या मित्राला चिठ्ठी लिहायची: 'काल आपण हे उदाहरण असं सोडवलं.' मित्र आला की त्याने चिठ्ठी वाचून तसंच दुसरं उदाहरण करायचं. त्याला कळलं नाही तर चिठ्ठी लिहिणाऱ्याने ती दुरुस्त करायची. पायरी गाळली की काय होतं हे मग मला सांगावं लागत नाही.

तपासताना ऱ्हस्व-दीर्घावर लाल पेन चालवू नका. पहिल्या सत्रात 'शे' आणि 'कितला' वहीत आले तरी राहू द्या. दुसऱ्या सत्रात तीच वाक्यं सगळ्यांनी मिळून पुस्तकी मराठीत लिहायची. तो भाषेचा तास समजा.

एक भागाकार, तीन उत्तरं

ताळ्याची सवय लावायला हे त्रिकूट फार उपयोगी. 75 ला 9 ने भागलं की भागाकार 8, बाकी 3. आता तीन गोष्टी. सहलीला 75 जण, एका काळीपिवळीत 9 बसतात, गाड्या किती? वही 9 रुपयांना, खिशात 75 रुपये, वह्या किती? आणि तेवढ्या वह्या घेतल्यावर हातात किती राहतील? उत्तरं अनुक्रमे 9, 8 आणि 3. पहिल्याला 'भागाकार 8, बाकी 3' लिहिणाऱ्याला विचारा, 'ते तिघं काय टपावर बसतील?' (काही गावांत याचं उत्तर 'हो' येतं, त्याची तयारी ठेवा.) उत्तर पूर्ण वाक्यात लिहायचा आग्रह मी इथेच धरते. 'सहलीला 8 बाकी 3 गाड्या लागतील' हे वाक्य लिहिताना पोर स्वतःच अडखळतं.

पोरांनी उदाहरणं करावीत

आठवड्यातून एकदा उलटं काम: उत्तर 24 येईल अशी गोष्ट लिहा. किंवा 8 × 14 साठी गोष्ट लिहा. केळी ठाऊक असलेलं पोरगं 'एका घडाला 8 फण्या, एका फणीत 14 केळी' असं लिहितं. कुणी तीन रुपयांना म्हैस घेतं. ती म्हैस फळ्यावर घ्या, भावाची चर्चा होऊ द्या, मग आकडे बदलायला लावा. गोष्ट बरोबर पण प्रश्नच नाही, हीदेखील नेहमीची गत. प्रश्न शेजाऱ्याने लिहायचा.

चौथीला मी दरवर्षी भास्कराचार्यांचे भुंगे देते. चाळीसगावजवळ पाटण इथे त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढल्याचा शिलालेख आहे, म्हणजे हे गणित आपल्या जिल्ह्यात घोटलं गेलं आहे. 1150 सालच्या 'लीलावती'तलं ते उदाहरण साध्या भाषेत असं: भुंग्यांच्या थव्याचा पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलावर, या दोघांतल्या फरकाच्या तिप्पट कुटजावर, आणि एक भुंगा हवेत फिरत राहिला. एकूण भुंगे किती? बीजगणित लागत नाही. पाच आणि तीन दोघांनी भाग जाणारी संख्या हवी, म्हणून 15 घेऊन पाहा: 3, 5, फरक 2 ची तिप्पट 6, आणि 1. जमलं. 30 घेतले तर का जमत नाही, हे पोरांनी चार ओळींत लिहायचं. त्या चार ओळींसाठी मी अख्खा तास देते.

पाढे सोडू नका, हेही सांगून ठेवते. चौदा आठे एकशेबारा येत नसेल तर पोराचं सगळं डोकं हिशोबातच अडकतं, गोष्टीकडे जात नाही. घरी आजोबांना पावकी-निमकी (पाव आणि अर्ध्याचे पाढे) येत असेल तर त्यांच्याकडून दोन कडवी म्हणून घ्या, पोरांना अपूर्णांक आधी कानाने कळतात.

एका तासाला दोनच उदाहरणं घ्या. वीस उदाहरणांचा गृहपाठ पालकांना आवडतो, पण त्यात पोरं परत आकडे वेचायला लागतात. पालकांना दाखवायचं तर जूनमध्ये लिहून घेतलेलं एक पान जपून ठेवा. दिवाळीच्या सुट्टीनंतर तेच उदाहरण आकडे बदलून द्या आणि पालक सभेत दोन्ही पानं शेजारी ठेवून पोराकडूनच मोठ्याने वाचून घ्या. वाचताना ते अहिराणीत समजावायला लागलं तर मध्ये पडू नका.