कुंडीतली करटोली: आधी सांगा, नर वेल आहे का?

पावसाळ्यात गच्चीवर बाग करणाऱ्या कोणा ना कोणाचा हा प्रश्न ठरलेला असतो, की करटोलीची वेल मस्त गेलीये, जाळीभर पसरलीये, पिवळी फुलंही रोज येतायत पण फळ म्हणून एक धरत नाहीये, तर खत कुठलं घालू? तर कुठलंच घालू नका. खताचा काही संबंध नाहीये इथे. तुमच्याकडे एकतर सगळ्या वेली नर आहेत, नाहीतर मादी आहेत पण आसपास नर नाही, नाहीतर दोन्ही आहेत पण फूल उमलतं त्या वेळेला परागकण पोचवणारं कोणी नाही. करटोली लावायची तर हे तीन प्रश्न आधी सोडवायचे, बाकी ती रानातच वाढलेली आहे, तिला फार लाड नको असतात.

कारल्याच्या एकाच वेलीवर नर आणि मादी दोन्ही फुलं येतात त्यामुळे एक वेल लावली तरी मधमाश्या काम करून जातात. करटोली त्याच कुळातली, पण हिच्यात नर वेल वेगळी आणि मादी वेल वेगळी. तोंडलीचंही तसंच असतं खरं, पण बागेत लावतात ती तोंडली नर नसला तरी धरते म्हणून आपल्याला ते कधी जाणवतच नाही. करटोलीत मात्र ही सवलत नाही, परागण नाही तर फळ नाही.

ओळखायचं कसं, तर पानावरून, खोडावरून, कंदावरून खात्रीने काहीही कळत नाही, फूल येईपर्यंत थांबावंच लागतं. कोणी विकताना पानं दाखवून ही मादी आहे म्हणत असेल तर सोडून द्या. फूल आलं की मात्र अगदी सोपं आहे, फूल हातात धरून पाकळ्यांच्या मागे बघायचं. मादी फुलाच्या मागे शेंगदाण्याहूनही लहान असं हिरवं करटोलं आधीपासूनच चिकटलेलं असतं, त्यावर मऊ मऊ काटेसुद्धा दिसतात. नर फुलाला असलं काही नसतं, नुसता लांब बारीक देठ आणि फुलाच्या बरोब्बर बुडाशी एक गोलसर हिरवं पान, बाळाला टोपडं घालावं तसं कळीला झाकून बसलेलं. एकदा बघितलंत की परत विचारावं लागणार नाही. आणि ओळखलंत की लगेच त्याच दिवशी कुंडीला खूण करा, मादीला लाल दोरा नराला पांढरा असं काहीतरी, कारण दिवाळीनंतर वेल वाळून गेली की कुठलं काय ते देवालाही सांगता यायचं नाही.

लागवडीला आणायचं कुठून

कोणी करटोली म्हणतं कोणी कर्टुली कोणी कंटोळी, विदर्भ मराठवाड्याकडे काटवल, गोव्यात फागलां. हे सांगायचं कारण एवढंच की कंद मागताना समोरच्याच्या भाषेत मागा, नाहीतर "नाही आमच्याकडे" असं उत्तर येतं आणि वस्तू मागेच पडलेली असते. हिंदी पट्ट्यात ककोडा किंवा खेकसी.

सगळ्यात चांगलं म्हणजे कंद. ज्याच्याकडे फळ देणारी मादी वेल आहे त्याच्याकडून उन्हाळ्यात कंद घ्यायचा, बरोबर नराचाही घ्यायचा, आणि दोन्ही वेगळ्या पिशव्यांत नाव लिहून आणायचे. विदर्भ मराठवाड्यात बरेच शेतकरी आता काटवल शेतात लावतात, त्यांच्याकडे मिळतात. सुधारित वाणही आहेत, रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाचं इंदिरा कंकोडा-1 प्रसिद्ध आहे. फक्त जंगलात जाऊन कंद उकरून आणू नका हो. एक कंद उकरला म्हणजे वर्षानुवर्षं फळणारी एक वेल गेली, आणि ती वेल ज्या बायका डोंगर चढून टोपलीभर करटोली खुडून बाजारात आणतात त्यांच्या पोटापाण्याची असते. आणि एवढं करून तुम्ही उकरलात तो नर निघाला तर!

बिया लावूनही होतं पण इथे चिकाटी लागते. बाजारात भाजीसाठी आणतो ती करटोली कोवळी असतात, त्यातलं बी कच्चं, ते कितीही प्रेमाने पेरलंत तरी उगवणार नाही. बियांसाठी पिकलेलं फळ हवं, पिवळं-केशरी झालेलं, जरा दाबलं की फुटतं आणि आत लालभडक गरात गुंडाळलेल्या काळपट बिया निघतात. भाजीवाल्या मावशींना ऑगस्ट-सप्टेंबरात सांगून ठेवा, पिकलेली फळं त्यांच्याकडे कोणी घेत नाही त्यामुळे हसत हसत देतात. गर राखेत चोळून धुवायचा, बिया सावलीत सुकवायच्या आणि कागदाच्या पुडीत पुढच्या मे महिन्यापर्यंत ठेवून द्यायच्या. ताज्या बिया लगेच पेरून उपयोग नसतो, त्या बरेच महिने झोपूनच असतात. मे मधे पेरायच्या आधी नेलकटरने बीच्या कडेचं कवच जरासं उडवायचं, आतल्या पांढऱ्या दाण्याला धक्का न लावता, मग रात्रभर कोमट पाण्यात ठेवून सकाळी पेपर कपात लावायच्या. सगळ्या उगवणार नाहीत हे धरून चला, आणि ज्या उगवतील त्यात ढोबळमानाने निम्म्या नर निघतात, म्हणून बियांपासून करायचं तर सात-आठ रोपं तरी हवीतच. दोन-तीन लावून मादी मिळेल ही आशा म्हणजे लॉटरी.

तिसरा रस्ता म्हणजे फाटे. जुलै-ऑगस्टमधे कोणाकडे मादी वेल जोरात असेल तर दोन-तीन पेरांचा पक्व तुकडा आणून, खालचं पेर ओल्या मातीत गाडून सावलीत ठेवायचा. सगळे जगत नाहीत पण जो जगतो तो नक्की मादी असतो, हा मोठा फायदा. त्या वर्षी फळाची अपेक्षा नको, खाली छोटा कंद तयार झाला तरी भरून पावलं.

कुंडी, माती वगैरे

यात फार सांगण्यासारखं नाही. 15 ते 18 इंची ग्रो बॅग किंवा रंगाचा जुना डबा, खाली भरपूर भोकं, एका बॅगेत एकच कंद. निम्मी माती, पाव भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, उरलेल्या पावात वाळू किंवा विटांचा चुरा, आणि दोन मुठी निंबोळी पेंड, मुळांवर सूत्रकृमीच्या, म्हणजे मातीतल्या बारीक जंतांच्या, गाठी होऊ नयेत म्हणून. कोकोपीट टाळा किंवा अगदी नावाला घाला, कोकणात मुंबईत जुलैचा पाऊस सुरू झाला की कोकोपीट पाणी धरून बसतं आणि कंद सडतो. करटोली डोंगरउतारावरची आहे, पाऊस तिला कितीही चालतो पण पाय पाण्यात बुडालेले चालत नाहीत. देशावर जिथे पाऊस कमी तिथे एवढी काळजी नको, उलट मधे आठ-दहा दिवसांची उघडीप झाली तर पाणी घालायला विसरू नका.

कंद मे अखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, गेल्या वर्षीच्या वाळक्या वेलीचं खुंट असतं ती बाजू वर ठेवून दोन-तीन इंच खोल. वळवाचे दोन शिडकावे झाले की कोंब वर येतो. वेल नाजूक दिसते पण पाच-सहा फुटांची जाळी सहज भरते, नायलॉनची जाळी उभी ताणून द्या म्हणजे फुलं हाताशी येतील, हाताने परागण करायचंय हे लक्षात ठेवा, उंच मांडवावर चढवलीत तर रोज संध्याकाळी स्टूल घेऊन फिराल. ऊन निदान पाच-सहा तास हवं. आणि युरिया किंवा कसलंही नत्राचं खत मारू नका, पानंच पानं होतात.

शेतात आठ-दहा माद्यांना एक नर पुरतो म्हणतात. घरी मात्र तीन-चार माद्या असल्या तरी मी दोन नर ठेवायला सांगेन, कारण एकाच नराला बरोबर त्याच दिवशी फूल नसलं की तुमची मादी फुलं फुकट जातात. नराला वेगळी कुंडी अडवून ठेवायला जिवावर येतं, फळ तर देत नाही, पण तोच तर सगळ्याच्या मुळाशी आहे.

संध्याकाळची ड्युटी

कोंब आल्यापासून महिना-सव्वा महिन्यात फुलं सुरू होतात. आपली नेहमीची रानची करटोली दिवेलागणीला उमलते, साधारण साडेसहा-सात, थोडा वासही येतो, रानात तिच्याकडे रात्रीचे पतंग येतात. शहरात सातव्या मजल्यावर पतंग कुठून यायचे, आणि मधमाश्या तर तोवर घरी गेलेल्या असतात. म्हणून दोन्ही वेली असूनही फळ धरत नाही. हे काम आपणच करायचं.

नुकतं उमललेलं नर फूल खुडायचं, पाकळ्या मागे मुडपायच्या नाहीतर तोडून टाकायच्या, मधले पिवळे पुंकेसर बोटाला लावून बघायचे, बोटाला पिवळी पूड लागली पाहिजे. मग ते मादी फुलाच्या मधोमध असलेल्या भागावर हलकेच दोन-तीनदा फिरवायचे, घासायचं नाही. एका नर फुलात तीन-चार मादी फुलं होतात. संध्याकाळी ऑफिसातून यायला उशीर होत असेल तर जेवणं झाल्यावर मोबाईलचा टॉर्च लावून केलंत तरी चालतं. पावसात परागकण भिजले की मेले, म्हणून आभाळ भरून आलं असेल तर दुपारीच उद्याच्या नव्हे तर आज उमलणाऱ्या फुगलेल्या नर कळ्या देठासकट खुडून घरात वाटीभर पाण्यात ठेवायच्या, संध्याकाळी तिथेच उमलतात, आणि काम झाल्यावर मादी फुलावर छोटी कागदी टोपी नाहीतर प्लॅस्टिकचा चमचा अडकवून द्यायचा.

इथे एक गोम आहे. सगळीच करटोली संध्याकाळी उमलत नाही. सह्याद्रीत हिचीच एक बहीण आहे, मोठ्या गडद पिवळ्या फुलांची, तिला 2007 साली मोमॉर्डिका सह्याद्रिका असं नाव मिळालं, ती दिवसा उमलते. आणि नर्सरीत कधीकधी मोठ्या फळाची पूर्वेकडची जात मिळते तीही सकाळची. तेव्हा पहिलं फूल आलं की एक दिवस नुसतं बघा ते कधी उघडतंय, मग आपली वेळ ठरवा. सकाळी उघडणाऱ्याला संध्याकाळी जाऊन काय उपयोग.

परागण लागू पडलं असेल तर दोन-तीन दिवसांत ते इवलंसं करटोलं टरारतं, नाहीतर पिवळं पडून गळतं. लागू पडलेलं दहा ते चौदा दिवसांत काढायला येतं, हिरवंगार, काटे मऊ, दाबलं तर घट्ट. जास्त ठेवलंत तर बिया निबर होतात.

माशी

करटोलीचा खरा शत्रू एकच, फळमाशी. कोवळ्या फळाला डंख मारून आत अंडी घालते, फळ एका बाजूला वाकडं होतं, डंखाच्या जागी तपकिरी थेंब दिसतो आणि कापलं की आत अळ्या. फवारण्यांच्या मागे लागू नका, माशीची पोरं फळाच्या आत बसलेली असतात त्यांना बाहेरच्या फवाऱ्याचं काही नाही. फळ धरलं असं दिसलं की लगेच जुन्या ओढणीच्या किंवा मच्छरदाणीच्या कापडाची छोटी पिशवी घालून देठाशी दोरा बांधायचा. जोडीला सापळा लावा, पण दुकानात नुसतं "फळमाशीचा सापळा द्या" म्हणू नका, आंबा पेरूच्या माशीचा देतील. त्यात मिथाईल युजेनॉल नावाचं आमिष असतं, वेलवर्गातली माशी त्याला ढुंकूनही बघत नाही. आपल्याला क्यू ल्यूर हवं, तेच नाव घेऊन मागा. किडकी फळं कंपोस्टमधे टाकायची नाहीत, पिशवीत घट्ट बांधून दोन-चार दिवस उन्हात ठेवायची आणि मग कचऱ्यात.

तांबडे भुंगेरे पानं खातात, सकाळी ते सुस्त असतात तेव्हा हाताने वेचून साबणाच्या पाण्यात. सप्टेंबरनंतर पानांवर भुरी म्हणजे पांढरी बुरशी येते, तोवर हंगाम संपतच आलेला असतो, फार जीव जाळू नका.

वेल वाळली म्हणून कुंडी रिकामी करू नका

ऑक्टोबर-नोव्हेंबरात पानं पिवळी पडतात, वेल वाळते, आणि घरातलं कोणीतरी, बहुतेक दिवाळीच्या साफसफाईत, कुंडी उपडी करून त्यात कोथिंबीर पेरून टाकतं. कंद आत जिवंत असतो! वाळली वेल वितभर ठेवून कापायची, पाणी बंद, कुंडी पाऊस-पाणी लागणार नाही अशा आडोशाला सरकवायची आणि मार्करने नर की मादी ते कुंडीवर ठळक लिहायचं, दोरे उंदीर कुरतडतात. उंदीर-घुशी कंदही खातात, म्हणून वर जाळीचा तुकडा किंवा फरशी ठेवा. अगदी कोरडी ठणठणीत माती होऊन कंद सुरकुतायला लागेल असं वाटलं तर महिन्यातून एकदा तांब्याभर पाणी, त्याहून जास्त नाही. कुंड्यांना जागा नसेल तर कंद काढून कोरड्या वाळूत, खोक्यात, अंधारात ठेवले तरी राहतात.

पहिल्या वर्षी चार-सहा फळं मिळाली तर नाराज होऊ नका, कंद पोसला की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वेल खरी जोमात येते. दर दोन वर्षांनी मे मधे माती बदला, तेव्हा मोठ्या कंदाला बगलेला छोटे कंद आलेले दिसतील, ते वेगळे लावा किंवा शेजारीपाजारी वाटा, फक्त देताना मादीबरोबर एक नरही द्या, नाहीतर पुढच्या ऑगस्टमधे तेच तुम्हाला फोन करून विचारणार, खत कुठलं घालू.

आणि पहिली पाच-सहा फळं एका माणसाच्या भाजीलाही पुरत नाहीत, तेव्हा त्यांची भाजी करत बसू नका. उभे पातळ काप करा, मीठ मिरची हळद लावून तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर कुरकुरीत होऊ द्या, वरणभाताबरोबर सगळ्यांना दोन-दोन तरी येतात.